ताटातले डोळे

सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. सत्तरी ओलांडलेला दूधवाला ताई म्हणायचा आणि कालपरवा बोलायला लागलेलं समोरचं पोरही ताईच म्हणायचं. सख्खा भाऊ मात्र तिला एकच, आणि त्या एकानं तिच्या जिवाला दहा भावांचा घोर लावून ठेवला होता. त्याला ती बारक्या म्हणायची. बारक्याचं वय सेहेचाळीस आणि गोळ्यांनी चढवलेलं वजन धरून नव्वद किलो. पण लहानपणी चिकटलेलं नाव वजनकाट्याला विचारून थोडंच सुटतं?

बारक्या डोळे रंगवायचा. चित्रातले नव्हेत, माणसाच्या चेहऱ्यात बसवायचे. आजारात, अपघातात, भांडणात कुणाचा डोळा जातो, मग त्या जागी प्लास्टिकचा बसवतात, ते करणारा एक कारखाना घरापासून दोन चौकांवर होता. कारखाना कसला, तीन खोल्या. पहिलीत डोळ्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, दुसरीत भट्टी आणि घासकाम, तिसरीत उत्तरेला मोठी खिडकी आणि खिडकीपाशी समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत गिऱ्हाईक, दुसरीत बारक्या. गिऱ्हाइकाच्या चांगल्या डोळ्यात बघत बघत नखाएवढ्या काळ्या चकतीवर तसंच बुबुळ रंगवायचं, मग ती चकती पांढऱ्यात बसवून वर पारदर्शक थर चढवायचा. ‘आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन,’ असं म्हातारे मालक प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हसून ऐकवायचे, ‘आमच्याकडे मात्र एकच मिळेल हं.’ गिऱ्हाईक हसायचंच असं नाही.

डोळ्याच्या पांढऱ्यावर त्या बारीक लाल शिरा असतात ना, त्या रंगानं काढत नाहीत. लाल रेशमी धागा सुईच्या टोकानं पिंजायचा, त्याचा एकेक तंतू सुटा करायचा आणि पांढऱ्यावर चिकटवायचा. हे तंतू काढून द्यायचं काम ताईचं. ती कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे आल्टर करायची. कुणाची पॅंट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर, तुटलेल्या चेनी बदल. दुपारी गर्दी ओसरली की ती मांडीवर पांढरं फडकं पसरून धागा पिंजत बसायची. तंतू पत्र्याच्या चपट्या डबीत भरून बारक्याला द्यायची. त्या भागात जितके म्हणून खोटे डोळे हिंडत होते, त्या सगळ्यांतल्या शिरा ताईच्या हातच्या होत्या आणि ह्याचा तिला बारीकसा गर्व होता.

आणि तिचा स्वतःचा डावा डोळा बारक्यानं केलेला होता. नवव्या वर्षी गोवरात डोळा गेला. मग तीसएक वर्षं दुकानात तयार मिळतो तसला काचेचा डोळा तिनं वापरला. तो तिच्या चेहऱ्यात कवडीसारखा बसायचा. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं. कारण कुणी तोंडानं सांगितलं नाही आणि कुणाला विचारावं लागलं नाही. बारक्या त्या कारखान्यात चिकटला तो काही कलेची ओढ होती म्हणून नव्हे. ‘तुझा डोळा करायचाय,’ एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं.

तो डोळा त्यानं केला बारा वर्षांपूर्वी, चार दिवसांत. त्या चार दिवसांत तो झोपला नाही, जेवला नाही आणि गप्प बसला नाही. ताईला खिडकीपाशी बसवून तिच्या उजव्या डोळ्यात असा बघायचा की तिलाच लाज वाटायची. विजेच्या दिव्याकडे एकटक बघत राहायचा, बाहुली कशी आक्रसते ते आतून कळलं पाहिजे म्हणायचा. डोळे जातील रे, असं ती ओरडली तेव्हा हसला. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं डोळा बसवला आणि आरसा दिला. आरशात एक दोन डोळ्यांची बाई होती. बाहुलीच्या कडेला पिवळसर एक कण होता, तिच्या खऱ्या डोळ्यात होता अगदी तसा. आणि आपल्या खऱ्या डोळ्यात असा कण आहे हे तिला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. ती रडली. रडू ओसरेपर्यंत बारक्या बाहेर पडला होता. दुपारी तो बसस्टॅंडवर सापडला, अंगावर एक चड्डी. बाकीचे कपडे आणि घड्याळ त्यानं लोकांना वाटून टाकलं होतं, आणि उद्यापासून जगात कुणी आंधळं राहणार नाही असं ज्याला त्याला सांगत होता.

वर चढलेला माणूस खालीही येतो. दवाखान्यातून आल्यावर सात महिने तो भिंतीकडे तोंड करून पडला. एकदा त्याच्या गादीखाली दोर सापडला. ताईनं तो चुलीत घातला आणि त्याच्याजवळ शब्द काढला नाही. पुढचे सहा महिने मात्र ती त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपली.

मग डॉक्टरबाई भेटल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. लिथियम. हे एक जातीचं मीठच आहे असं डॉक्टरबाईंनी समजावलं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचंच. गोळ्यांनी बारक्या माणसात आला. वेळेवर उठायचा, कामाला जायचा, तांब्या तांब्या पाणी प्यायचा, झोपायचा. गोळ्यांनी हात कापायचा म्हणून मनगट टेबलाच्या कडेला दाबून रंगवायचा. काम ठीक व्हायचं. रंग जुळायचा, माप जुळायचं, गिऱ्हाईक तक्रार करायचं नाही, कारण एका डोळ्याच्या माणसाला जगाकडून फार काही मिळेल अशी आशाच नसते. एकदा ताईनं विचारलं, कसं वाटतं रे आता? तो म्हणाला, ‘दिसतं सगळं. पण आत उतरत नाही.’ डॉक्टरबाईंनी दोनदा सुचवलं, हाताचा फार त्रास असेल तर गोळी थोडी कमी करून बघू, दुसरीही औषधं आहेत. दोन्ही वेळा बारक्यानं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, नको, आहे ते बरं चाललंय. गादीखालचा दोर तिनं पाहिला होता, डॉक्टरबाईंनी नव्हता पाहिला.

आता ताटाचं सांगायला हवं. घासकामाची धूळ कारखानाभर उडायची आणि ओल्या रंगावर बसायची. म्हणून दिवसभरात रंगवलेल्या चकत्या बारक्या संध्याकाळी घरी आणायचा. बाहेरच्या खोलीत कपाटावर एक जुनं स्टीलचं ताट होतं. त्यात कापड अंथरून चकत्या मांडायच्या, वर काचेचं झाकण घालायचं आणि सकाळी वाळल्या की परत न्यायच्या. ताई दुकानातून आली की चपला काढायच्या आधी ते झाकण उचलायची आणि वाकून एकेक चकती बघायची. चकत्या नुसत्या चकत्या दिसल्या, शर्टाच्या बटणांसारख्या, की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग चपला, मग चहा. पण एखाद्या संध्याकाळी ताटातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं की चपला पायांतच राहायच्या.

काय उलटा न्याय बघा. लोकांच्या घरी माणसाचं काम उत्तम झालं की शाबासकी मिळते, ह्या घरी डॉक्टरला फोन जायचा. पण न्याय खरा होता. बारा वर्षांत तीन वेळा असं झालं. एकदा तापात गोळ्या पोटात टिकल्या नव्हत्या, एकदा त्याच्याकडून घ्यायच्या राहिल्या होत्या, एकदा तर काही कारणच नव्हतं. तिन्ही वेळा बारक्या अजून शांत बोलत होता, वेळेवर जेवत होता, आणि ताटातले डोळे मात्र जिवंत झाले होते. तिन्ही वेळा ताईनं त्याला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं आणि संकट दारातून परत गेलं. ‘तुमचं ताट माझ्या लॅबच्या पुढे आहे,’ डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या. त्या बहुधा सहज म्हणाल्या असतील, पण ताईनं ते वाक्य मनात जपून ठेवलं. कौतुकाला कोण भुलत नाही? आणि ज्याच्या वाट्याला ते कमी येतं तो जरा जास्तच भुलतो.

आपण झाकण उचलतो हे बारक्याला ठाऊक नाही असं तिला वाटायचं. खुळी कुठली! एवढ्याशा घरात कुणाचं काय लपतं?

प्लास्टिकचा डोळाही जन्माचा सोबती नसतो. बारा वर्षांत ताईचा डोळा खरबरीत झाला, सकाळी पापणी सुजून चिकटायला लागली. शिवाय उजवा डोळा बावन्न वर्षांचा झाला होता. बुबुळाभोवती राखाडी कडं आलं होतं, पांढरं पिवळट झालं होतं. आणि डावा चाळिशीतच थांबला होता. डोळा बदला, नाहीतर खोबण खराब होईल, असं सरकारी दवाखान्यात निक्षून सांगितलं. बारक्यानं तीन रविवार तिला खिडकीपाशी बसवलं. मनगट टेबलाला दाबून, जीभ दातांत धरून, घाम पुसत पुसत रंगवलं. कडा स्वतः घासली, स्वतः पॉलिश केली. डोळा बसवला आणि आरसा दिला.

रंग बरोबर होता. राखाडी कडंही होतं. डोळा मेलेला होता. ताई म्हणाली, छान झालाय रे.

आठ दिवस तिनं तो घातला. गिऱ्हाइकं बोलता बोलता नजर खाली वळवायला लागली, तिच्या लहानपणी वळवायची तशी. शिंपी भला माणूस, तो न बोलता कपडे तिच्या उजव्या बाजूनं द्यायला लागला, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. आता ही काही तरुण नव्हती, कुणी बघायला येणार नव्हतं. पण बारा वर्षं दोन डोळ्यांची बाई म्हणून वावरल्यावर परत त्या कवडीकडे जायचं म्हणजे मरणच की. नवव्या दिवशी सकाळी तिनं नवा डोळा काढून बटणांच्या डब्यात टाकला आणि जुना धुऊन घातला. पापणी सुजली तर सुजली.

चहाच्या वेळी बारक्यानं बघितलं. काय झालं, त्यानं विचारलं.

‘टोचतो रे,’ ती म्हणाली. ‘नाकाकडच्या बाजूला.’

त्यानं डबा मागितला. डोळा काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, सगळीकडून एकदा. मग परत डब्यात ठेवला आणि म्हणाला, बरं, बघू. एवढंच. ताईनं सुटकेचा श्वास टाकला.

पुढचे दिवस बरे गेले, तिला वाटलं. संध्याकाळची गोळी ती स्वतः त्याच्या तळहातावर ठेवायची, तो तोंडात टाकून वर पाणी प्यायचा. ताटातल्या चकत्या मंद होत्या, पूर्वीपेक्षाही मंद. कारखान्यात तो पहाटेच जायला लागला, सकाळचा उजेड चांगला असतो म्हणे. गडी कामाला लागला, ताई मनात म्हणाली. तंतू अजून बारीक हवेत असं त्यानं सांगितलं, आणि दोन दिवसांनी आणखी बारीक. तिला बरं वाटलं. कुणाला तरी आपल्या हातचं काम इतकं बारकाईनं हवंय. ती भिंग लावून पिंजायला लागली. त्याच महिन्यात रक्ताची तारीख आली. उपाशीपोटी लॅबच्या रांगेत उभं राहायचं, त्याचाही दिवस मोडणार, हिचाही. ताईनं झाकण उचलून ताटाकडे बघितलं. बटणं होती, निव्वळ बटणं. आलबेल असताना हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून तिनं ती तारीख पुढच्या महिन्यावर ढकलली. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

भावाला डोळ्यात तेल घालून जपते, असं ती अभिमानानं सांगायची. तेल होतंच, पण सगळी नजर ताटावर होती.

एका दुपारी दुकानात एक बस कंडक्टर आला. गणवेशाची कंबर सैल करायची होती. तुम्ही डोळेवाल्यांच्या ताई ना, त्यानं विचारलं, आणि तोंड पुढे करून म्हणाला, सांगा बघू, ह्यातला कुठला? ताई रस्त्याच्या पलीकडून खोटा डोळा ओळखायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिनं ह्या डोळ्यात बघितलं, त्या डोळ्यात बघितलं, परत ह्या डोळ्यात. तिला ओळखता येईना. कंडक्टरनं हसत उजव्या डोळ्यावर नखानं टिचकी मारली, टक टक. गेल्या सोमवारी बसवला, म्हणाला, काय हात आहे हो तुमच्या भावाचा.

ताईनं हातातला खडू खाली ठेवला. ही चकती तिनं पाहिली होती. पिंगट, नाकाकडच्या बाजूला तपकिरी ठिपका असलेली. तिच्या ताटात ती मेलेली होती.

पायांत चपला घालायचं भान तिला राहिलं नाही. कारखान्यात मालक एकटेच होते. बारक्या दुपारीच गेला, ताई आजारी आहे म्हणाला, असं ते म्हणाले आणि हिला धडधाकट बघून गोंधळले. मग गोंधळ विसरून कौतुक करायला लागले: दीड महिना झाला, काय काम करतोय पोरगा, मी तर म्हणतो गोळ्या एकदाच्या मानवल्या त्याला! त्यांनी खण उघडला. आत आठनऊ डोळे होते आणि ते सगळे ताईकडे बघत होते. मालक सांगत होते, एक मात्र गंमत आहे, चांगली चकती झाली की घरी जायच्या आधी तो तीच दुसरी रंगवतो, पाच मिनिटांत, मुद्दाम वाईट. मी विचारलं, ही कुणाची रे? तर म्हणाला, ही ताईची.

ती पळत घरी आली. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या आणि एकीत बारक्या बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लखलखत होते. तो इतका आनंदात होता की तिला हुंदकाच आला. तो बोलायला लागला, शब्दांवर शब्द चढत होते: डोळा तयार आहे, फक्त वरचा हात राहिलाय, तिच्याशी एकदा ताडून बघायचंय, उजेड तासभरच आहे.

तिच्या पिशवीत फोन होता. फोनमध्ये डॉक्टरबाईंचा नंबर होता. तिनं पिशवीत हात घातलाही.

‘ताई, बस ना,’ तो म्हणाला. ‘हा एवढा होऊ दे. मग तू म्हणशील तिथं येतो. दवाखान्यात येतो. शप्पथ.’

आणि ती बसली. पुढे लोकांना तिनं सांगितलं, की तो बिथरू नये म्हणून बसले. तेही खरंच. पण सगळं खरं सांगायचं तर तिला तो डोळा हवा होता. भाऊ कड्याच्या टोकाला उभा आहे हे कळत असताना हवा होता. माणसाचं मन असंच असतं, त्याला कुणी काय करावं?

तासभर तो तिच्या डोळ्यात बघत रंगवत राहिला. हात अजिबात कापत नव्हता. शेवटच्या थराला कारखान्याची भट्टी लागते म्हणून वर त्यानं नुसतं लाखेचं पाणी फिरवलं, फुंकर घालून वाळवलं, जुना डोळा काढला, हा बसवला, आणि तिच्या हातात आरसा दिला.

आरशात बावन्न वर्षांची एक बाई होती. दोन डोळ्यांनी बघणारी. राखाडी कडं होतं, पांढऱ्याचा पिवळटपणा होता, तो पिवळा कण होता, तिनं स्वतः पिंजलेले तंतू होते. आणि उजव्या डोळ्यात जो शिणवटा होता, बारा वर्षांचा, उंबऱ्यावर झोपण्याचा, तो डाव्यातही होता. आपण इतकं थकलोय हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ह्यानं बघितलं होतं. गोळ्यांच्या धुक्यातून नाही दिसलं, पण ह्या सहा आठवड्यांत बघितलं होतं. ती बघत राहिली. किती वेळ, असं नंतर डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दोन मिनिटं. दोन मिनिटं नव्हती ती.

मान वळवली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. चपला जागच्या जागी होत्या, तो अनवाणी गेला होता.

पोलिसांना द्यायला फोटो शोधताना तिला त्याच्या कपड्यांखाली तिची धाग्याची पत्र्याची डबी सापडली. धागे नव्हते. आत गोळ्या होत्या, तोंडात ओल्या होऊन परत वाळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. शहराबाहेरच्या एका गोदामाच्या गच्चीवर, उताणा. ते दिवस कडक उन्हाचे होते. ओठ फुटले होते, पाठ भाजली होती. गोदामाच्या पहारेकऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तो शांत होता, नुसता वर बघत होता. सूर्याकडे. डोळे मिटतच नव्हता. का म्हणून विचारलं तर म्हणाला, बाहुली शेवटी किती बारीक होते ते बघतोय.

दोन महिन्यांनी त्याला घरी आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा मधोमध जळालाय आणि तो परत येत नाही. कडेचं दिसतं, ज्याच्याकडे सरळ बघावं तेच दिसत नाही. तो पेल्यात पाणी ओतून घ्यायचा, दारातून नीट जायचा, पण समोरच्या माणसाचा चेहरा त्याला म्हणजे केस आणि कान, मध्ये धूर. काही बघायचं असलं की मान तिरकी करायचा, पाखरं करतात तशी. मालक एकदा येऊन गेले आणि जाताना त्याचे ब्रश कापडात गुंडाळून ठेवून गेले. डॉक्टरबाई ताईवर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘त्या ताटावर माझाही विश्वास बसला होता.’ आता नवी औषधं होती, रक्ताच्या तारखा होत्या, ताई एकही चुकवत नव्हती. बारक्या गोळी गिळायचा आणि कुणी न सांगता तोंड उघडून दाखवायचा. ते बघणं तिला सगळ्यात जड जायचं.

ताट तिनं धुऊन स्वयंपाकघरात नेलं. तरी दुकानातून आली की चपला काढायच्या आधी हात कपाटाकडे जायचाच.

लाखेखालचा तो डोळा टिकणारा नव्हता, पण तसाच चिंधीत बांधून बटणांच्या डब्यात तळाशी होता. जुना खरबरीत डोळा तिनं टाकून दिला. ती घालायची तो मधला, मनगट दाबून, घाम पुसत केलेला. पापणीची सूज उतरली. गिऱ्हाइकं नजर खाली वळवायची. वळवेनात का.

एका संध्याकाळी गोळी आणि पाणी घेऊन ती त्याच्यासमोर बसली. त्यानं मान तिरकी केली, या बाजूला, मग त्या बाजूला. तिचा चेहरा शोधत होता.

‘ताई, कोणता घातलायस?’

खोटं बोलायला इतकी सोपी जागा तिला जन्मात मिळाली नव्हती. तुझा तो सुंदर, असं म्हटलं असतं तर तो खूश झाला असता, आणि त्याला कधीच कळलं नसतं.

‘गोळ्या घेऊन केलास तो,’ ती म्हणाली.

तो म्हणाला, ‘टोचत असेल.’

‘नाही रे. तेव्हाही टोचत नव्हता.’

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. बारक्यानं मान हलवली, सावकाश, पहिल्यापासून ठाऊक असलेल्या गोष्टीला हलवतात तशी.

‘माहीत होतं मला,’ तो म्हणाला. ‘कडा मीच घासली होती ना.’

मग त्यानं हात पुढे केला. तिनं तळहातावर गोळी ठेवली, त्यानं ती गिळली, वर पाणी प्याला आणि तोंड उघडलं.